मदत हवी आहे: तोच प्रोग्रॅम, तेच आकडे, पण दोन मशीनवर हमाली वेगळी

रामराम मंडळी. रावेर तालुक्यात आमचा केळीचा व्यापार आहे. पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद, काढायचा प्रोग्रॅम कॉलेजात असताना मीच सी भाषेत लिहिला. आजवर तो नानांच्या पेंटियम 4 वर चालायचा, 32 बिटचं लिनक्स. गेल्या आठवड्यात तोच कोड 64 बिटच्या लॅपटॉपवर कंपाइल केला आणि घोळ सुरू झाला.

शेवटच्या वजनाला 30 किलो माल उरला, म्हणजे 0.3 क्विंटल. हमाली क्विंटलला 10 रुपये. दोन्ही आकडे डबलमध्ये, म्हणजे सी मधल्या दशांश आकड्यांच्या प्रकारात. गुणाकार करून वरचे पैसे सोडायला इंटमध्ये (पूर्णांकात) टाकतो. लॅपटॉप म्हणतो 3 रुपये, जुनं मशीन म्हणतं 2. कहर म्हणजे, जुन्यावर मध्येच प्रिंटएफ (पडद्यावर आकडा छापायची ओळ) टाकून गुणाकार बघायला गेलो तर 3 येतात. ती ओळ काढली की परत 2! रॅमही बदलून झाली. नाना म्हणतात, "इतकी वर्षं ते मशीन चुकलं नाही, तुझा लॅपटॉपच शिकाऊ आहे." कोणाचं खरं धरू?

प्रतिसाद:
ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) चालू ठेवून कंपाइल करता का?

धागाकर्ता:
हो, दोन्हीकडे.

प्रतिसाद:
मग रॅमचा दोष नाही भो. 1/3 जसा 0.333 करत संपतच नाही, तसा 0.3 बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या 0 आणि 1 च्या लिखाणात, संपत नाही. डबलमध्ये साठतं ते साधारण 0.299999999999999989, केसभर कमीच. जुन्यावर गुणाकार एक्स87 मध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या दशांश गणिताच्या जुन्या भागात, होतो. तिथलं रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा) 80 बिटचं, आणि ऑप्टिमायझेशनमुळे आकडा मेमरीत न जाता तिथेच राहतो, म्हणून ती तूट टिकून राहते, आणि इंट तर दशांश सरळ कापतो. उरले 2. लॅपटॉप त्याऐवजी प्रोसेसरचा नवा भाग, एसएसई2, वापरतो; उत्तर 64 बिटांत बसवताना ते नेमकं 3 होतं. प्रिंटएफमुळे रजिस्टरमधला आकडा मेमरीत जातो, तिथे 64 बिटांचा होतो, म्हणून 3. जास्त बारीक मोजणारं मशीनच फसलं, बघा!

जीसीसीला (सी च्या कंपायलरला) एसएसई2 वापरायला सांगा, जुन्यावरही 3 येतील. पण ते ठिगळ झालं. लॅपटॉपही चुकतोच: त्यावर 0.57 गुणिले 100 करून इंटमध्ये टाका, 57 ऐवजी 56 देईल. पैशाचा हिशोब डबलमध्ये ठेवूच नका. वजन किलोत, दर पैशांत, सगळं इंट: 30 गुणिले 1000 भागिले 100, झाले 300 पैसे.

धागाकर्ता:
बदललं, दोन्हीकडे 3 आले. लॅपटॉपवर 56 आलेले दाखवले तेव्हा कुठे नाना खूश झाले. आता जुन्या पट्ट्या काढून हमालांचे किती रुपये राहिलेत ते मोजत बसलोय.