मदत हवी आहे: धाकट्या बहिणीला स्कॅड, वय ३४, स्टेंट टाकलेला नाही

नमस्कार मंडळी,

बहीण बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी आली आहे, बाळ दोन महिन्यांचं आहे. तिला बीपी नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉलही नॉर्मल. गेल्या आठवड्यात पहाटे बाळाला पाजताना छातीत आवळून आलं, जबडा आणि डावा हात दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. दवाखान्यात ईसीजीत बदल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं. अँजिओग्राफीत चरबीचा ब्लॉक कुठेच नाही. एलएडी या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीच्या खालच्या भागात भिंतीत रक्त साठलंय आणि त्याच्या दाबाने आतली वाट अरुंद झालीये. यालाच स्कॅड म्हणतात, म्हणजे हृदयाच्या धमनीची भिंत आतून आपोआप चिरणं किंवा तिचे थर सुटणं. बाळंतपणानंतरच्या हार्ट अटॅकचं हे एक मोठं कारण आहे, असं आता कळलं.

दुखणं थांबलंय, बीपी स्थिर आहे, रक्तप्रवाह चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी स्टेंट टाकला नाही. अशा नाजूक भिंतीत तार घालून फुगा फुगवला तर चीर आणखी पुढे सरकू शकते, आणि नुसती जपली तर बहुतेकांची धमनी काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप भरून येते, असं त्यांनी समजावलं. दुखणं परत सुरू झालं किंवा बीपी कोसळलं तरच स्टेंट नाहीतर बायपास. सुरुवातीच्या दिवसांत चीर वाढायची भीती असते, म्हणून अजून मॉनिटरवर ठेवलंय. मेटोप्रोलोल (हृदयाचे ठोके आणि बीपी आटोक्यात ठेवणारी गोळी) आणि ॲस्पिरिन चालू आहे.

मला हे पटलंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या निवेदनातही हेच आहे. पण नातेवाइकांचा एकच धोशा, ‘अटॅक येऊन स्टेंट नाही? पुण्याला हलवा, हैदराबादला न्या.’ दाजी पार हबकलेत. या अवस्थेत तिला एवढा प्रवास घडवू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या घरी स्टेंटशिवाय स्कॅड बरा झालाय, त्यांनी कृपया लिहा. दाजींना वाचून दाखवीन.

बाकी शंका घरी आल्यानंतरच्या. जड उचलायचं नाही, श्वास रोखून जोर लावायचा नाही, असं सांगितलंय. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. आलं की टाकीतून घागरी भरून आत न्यायच्या, ते काम आता तिच्याकडे नाही. पण बाळ? बसून मांडीवर घेणं ठीक, पाळण्यातून वाकून उचलणं कधीपासून चाललं? या औषधांवर अंगावर पाजणं कुणी चालू ठेवलं होतं का?

फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया (स्कॅडसोबत बऱ्याचदा सापडणारा, इतर धमन्यांच्या भिंतींचा आजार) आहे का हे पाहायला डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या रक्तवाहिन्यांचा सीटी करायचाय. तो सोलापुरात कुठे चांगला होतो? आणि छातीत नुसती चमक आली तरी ती आता रडकुंडीला येते. कुठल्या दुखण्याला धावत सुटायचं आणि कुठल्याला थांबायचं, हे तुम्ही कसं ठरवलंत?

अँजिओग्राफीची सीडी हातात आहे. स्कॅडचे पेशंट पाहिलेले कार्डिओलॉजिस्ट माहीत असतील तर व्यक्तिगत निरोप करा, पेशंटला न हलवता सीडी दाखवून मत घेईन.