जुन्या लुगड्यांच्या गोधडीसाठी कोणता दोरा घ्यावा?

कृष्णाकाठ
आईच्या तीन सुती नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवण्याचे मी मनावर घेतले आहे. गेल्या वर्षी सरावासाठी जुन्या धोतराचे दुपटे शिवले, तेव्हा ‘हा तुटायचा नाही’ असे सांगून दुकानदाराने दिलेला पॉलिएस्टर दोरा वापरला होता. दोरा खरोखरच तुटला नाही. परंतु चार-पाच धुण्यांनंतर टाक्यांच्या टोकांशी तांदळाच्या दाण्याएवढी भोके पडली आणि काही ठिकाणी कापड शिवणीच्या रेषेत फाटले. लुगड्यांचे असे झाले तर ती पुन्हा मिळणार नाहीत. दोरा कोणता व किती जाडीचा घ्यावा, आणि हाताला व मशीनला एकच चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धावदोरा
वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती कापडाचा जोर ओसरलेला असतो. त्यात त्याच्याहून बळकट दोरा घातला, की ओढ बसल्यावर दोरा टिकतो आणि कापडाला काचतो. गोधडीत तुटायचेच झाले तर दोऱ्याने तुटावे, कारण उसवलेली ओळ पुन्हा घालता येते, विरलेले लुगडे पूर्ववत होत नाही. त्यामुळे तीनपदरी, मर्सराइज्ड सुती दोरा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्याने हा दोरा साध्या सुती दोऱ्यापेक्षा बळकट व चकचकीत होतो आणि रंगही चांगला धरतो.

रिळावरच्या ४०, ५० या आकड्यांत आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक असतो. ‘टेक्स’ या मापात मात्र नेमके उलट असते, म्हणून कोणते माप छापले आहे ते आधी पाहावे. हाताच्या धावदोऱ्यासाठी ४० नंबरचा दोरा पुरेसा आहे. टाके उठून दिसावेत असे वाटत असेल तर भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोन किंवा तीन पदर सोडवून घ्यावेत. दोरा एका वेळी हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा सुईच्या नेढ्यातून आणि कापडातून पुन्हापुन्हा घासला जाऊन शेवटी पिंजतो. मधमाशांच्या मेणावरून एकदा ओढून घेतल्यास गुंताही कमी होतो.

काठपदर
मी शिवणकाम करते. वरील सल्ला जुन्या कापडापुरता मला पूर्ण मान्य आहे, मात्र पॉलिएस्टर सरसकट वाईट ठरवू नये. नव्या, घट्ट विणीच्या कापडाला तो उत्तम चालतो. दुपट्याच्या बाबतीत दोष केवळ दोऱ्याचा नसावा, कारण टाके फार बारीक आणि ओढून घातले असतील तर विरळ कापडाची चाळणच होते. हाताचा टाका सैल ठेवावा. मशीनवर काठ शिवायचे असतील तर ५० नंबरचा सुती दोरा वर आणि बॉबिनमध्येही तोच घालावा, ताण थोडा कमी करावा आणि तीन थरांसाठी ९०/१४ ची सुई लावावी. मेण लावलेला किंवा हातशिवणीसाठी चकाकी चढवलेला दोरा मशीनवर चालवू नये, कारण तो लेप ताणाच्या चकत्यांमध्ये साचतो आणि टाका बिघडतो.

कृष्णाकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझे टाके बारीक आणि घट्टच होते. काल ‘सुती’ म्हणून आणलेल्या रिळाचा तुकडा चिमट्यात धरून जाळला, तेव्हा तो वितळून टोकाला काळा, टणक मणी झाला. लुगड्याच्या सुटलेल्या सुताचा तुकडा मात्र कागदासारखा जळला आणि बोटाने चोळताच त्याची मऊ राख झाली. ते रीळ परत करणार आहे. एक लुगडे इरकली असून त्याचे काठ गडद लाल आहेत. त्यावर लाल दोरा घेतला तर चालेल का?

धावदोरा
चालेल, पण आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा व फडके वाळल्यावर पाहावे. डाग उमटला तर तो दोरा घेऊ नये. काठांचीही तशीच परीक्षा करावी, आणि रंग सुटत असेल तर शिवण्याआधी ते लुगडे थंड पाण्यात वेगळे धुऊन घ्यावे.