मदत हवी आहे: गोष्टींमधली सत्ता अंगठीतच का येऊन बसते?

नमस्कार मंडळी,

लोककथा आणि कल्पनारम्य साहित्यातल्या अंगठ्यांवर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी अडलोय. मुकुट, राजदंड, तलवार असताना कथाकार पुन्हा पुन्हा अंगठीकडेच का वळतात?

सगळ्यात पटणारं उत्तर शिक्क्याचं. राजाचा शिक्का अंगठीवर कोरलेला असे. तो मेणावर उमटला की हुकूम राजाचा, मग उमटवणारा हात कोणाचा का असेना! 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक यावरच तर उभं आहे. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि राक्षसाला गंधवार्ताही नसताना त्याच्या शिक्क्याचं पत्र तयार होतं. इ. स. पू. ३२३ मध्ये मृत्युशय्येवरच्या अलेक्झांडरने आपली अंगठी पर्डिकस या सेनापतीकडे दिल्याचं प्राचीन इतिहासकार सांगतात. मुकुट घालून मिरवावा लागतो. अंगठी मात्र बोटातून निसटते, चोरीला जाते, माशाच्या पोटातही सापडते. शकुंतलेचं सगळं दैव अशाच एका अंगठीवर टांगलेलं आहे, आणि महाभारतातल्या मूळ आख्यानात ती अंगठी नाहीच, कालिदासाने आणली.

इथवर ठीक. पण प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिडियातल्या एका मेंढपाळाची अंगठी येते. तिचं कोंदण तळहाताकडे फिरवलं की तो अदृश्य होतो, आणि त्या बळावर राणीला वश करून राजाला मारतो. शिक्क्याची ताकद ओळख पटवण्यात असते, इथे तर ओळखच पुसली जाते. मला असं वाटतं की शिक्क्याची जागा कोंदणावरच असते, म्हणून ते आत वळवणं म्हणजे आपलं नाव झाकणं, आणि नाव झाकलं की जाब विचारणारं कोणी उरत नाही. हे ओढूनताणून वाटतंय का? असा अर्थ कोणी लावलेला वाचलाय का? कृपया स्पष्ट सांगा.

उत्तर युरोपातल्या कथा तर या चौकटीत बसतच नाहीत. तिथल्या देवांचा राजा ओडिन, त्याच्या द्राउप्निर नावाच्या कड्यामधून दर नवव्या रात्री तितक्याच वजनाची आठ सोन्याची वळी गळून पडतात. तिथे शिक्का कुठेच नाही. योद्ध्यांना सोनं वाटणारा तो खरा राजा, असा तिथला भाव. उलट आंद्वारी या बुटक्याकडून लोकी हा कपटी देव अंगठी हिसकावून घेतो, तेव्हा तिला शाप चिकटतो.

आणखी एक विनंती. सुंदरकांडातली रामाची अंगठी ही खूण आहे, तिच्यात स्वतःची जादू नाही. भारतीय भाषांतल्या ज्या लोककथांत अंगठीच इच्छा पुरवते किंवा घालणाऱ्याला बिघडवते, अशा माहीत असतील तर भाषा आणि संग्रहाच्या नावासह इथे लिहाल का? ऐकीव गोष्टही चालेल, फक्त कोणत्या भागातली ते जरूर सांगा.