फोल्डिंग चाकू घ्यायचाय, काय बघू?

प्रश्न: एमआयडीसीत चादरींचं पॅकिंग बघतो, दिवसभर सुतळी न पट्ट्या कापायच्या. टॅक्टिकल फोल्डिंग चाकू लई आवडलाय, काळा, खिशाला क्लिपवाला. नुसता दिसायलाच भारी असतो का बे?

उत्तर: आधी लॉक बघ. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, म्हणून कापताना चाकू सहजासहजी बोटांवर मिटत नाही. आणि पात्यातलं गोल भोक, स्पायडर्को या अमेरिकन चाकू कंपनीनं १९८१ ला आणलेलं, अंगठा लावला की पातं एका हातानं उघडतंय, दुसऱ्या हातात गठ्ठा धरता येतो, मला तर हेच लई आवडतं.

उत्तर: माझा डी२ स्टीलचा हाय (कडक पोलाद, पण पुरतं स्टेनलेस नाही), बागेत डाळिंब कापतो, धार टिकते पण रस तसाच राहिला की डाग पडतात. पुसून तेलाचं बोट फिरव.

उत्तर: सुतळीला अर्धं दातेरी पातं घे, फक्त दात्यांना घरी धार लावणं अवघड.