मूळ गावाची जुनी छायाचित्रे भिंतीवर मोठ्या आकारात लावायची आहेत; ती कोठे शोधावीत?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. घरातील बैठकीची एक लांब भिंत मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. तिच्यावर माझ्या मूळ गावाची, शक्यतो आजोबांच्या पिढीने पाहिलेली, तीन-चार छायाचित्रे मोठ्या आकारात लावण्याचा विचार आहे. गावाचे नाव टाकून आंतरजालावर शोधले, तेव्हा बहुतेक मोबाइलवर काढलेली अलीकडचीच छायाचित्रे पुढे आली. जुन्या पुलाचे एक देखणे छायाचित्र मात्र हाती लागले, म्हणून ते उतरवून घेऊन ३६ इंच रुंदीत छापायला दिले आणि छापणाऱ्यानेही काही न विचारता ते छापून दिले. घरी आणून पाहतो तो पुलाच्या कमानींच्या जागी करड्या चौकोनांची रांग. कठड्याजवळ जे काही उभे आहे, ती माणसे आहेत की खांब, हेही कळेना. फाइलची रुंदी अवघी ९०० पिक्सेल होती, हे मला नंतर समजले. अशी छायाचित्रे नेमकी कोठे आणि कशी शोधावीत, हे अनुभवींनी कृपया सांगावे.

काचपट्टी

९०० पिक्सेल ३६ इंचांवर पसरले, म्हणजे प्रत्येक इंचाच्या वाट्याला फक्त २५ आले. हातात धरून पाहायच्या चित्राला इंचाला ३०० पिक्सेल असावेत असा संकेत आहे. भिंतीवरचे चित्र आपण चार पावले मागून पाहतो, त्यामुळे तेथे १५० सुद्धा पुरतात. तुमच्या आकारासाठी किमान ५४०० पिक्सेल रुंदीची फाइल हवी, आणि छापणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही हाती आलेली लहान फाइल टाकून देऊ नका, कारण मूळ चित्राचा माग तिच्यावरूनच लागतो. चित्र देऊन शोध घेण्याची सोय वापरून ते आणखी कोठे आहे हे पाहा. एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत पोहोचलात की नोंद क्रमांक कळवून मोठी फाइल मागता येते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावर समोर दिसते ती लहान प्रत असते, मूळ फाइल वेगळी उघडावी लागते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर तर अनेक जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या प्रकारच्या) फाइली विनामूल्य उतरवून घेता येतात.

काचेच्या निगेटिव्हवरून केलेला स्कॅन मिळाला, तर तो सोडू नका. त्या काळातील ८ गुणिले १० इंचांच्या काचेत इतका तपशील साठलेला असतो, की रस्त्याच्या साध्या दृश्यातही दुकानाच्या पाटीवरील अक्षरे वाचता येतात. अशाच एका चित्रात मला एक मुलगा दिसला होता, ज्याचे पाय अगदी रेखीव होते आणि डोके मात्र पुसट. कॅमेऱ्याची झडप उघडी असताना त्याने मान वळवली असणार. मोठ्या भिंतीवर मजा येते ती अशाच गोष्टींमुळे.

जुनी वही

शोधताना केवळ गावाच्या नावावर विसंबू नये. जुन्या नोंदींत गावाचे स्पेलिंग निराळे असते, कधी जवळच्या मोठ्या शहराच्या नावाखाली नोंद असते, तर कधी मथळ्यात गावाऐवजी नदी, घाट, गिरणी किंवा रेल्वे स्थानक एवढेच लिहिलेले असते. म्हणून पुलाच्या, नदीच्या आणि छायाचित्रकाराच्या नावानेही शोधून पाहावे. मथळा खरा असेलच असेही नाही. डोंगराची रेघ, मनोऱ्याचा आकार आणि विजेचे खांब आहेत की नाहीत, यांवरून जागा आणि काळ दोन्ही पडताळता येतात. निगेटिव्ह उलटी धरून छापल्यामुळे डावी-उजवी बाजू बदललेली चित्रेही आढळतात, तेव्हा पाट्यांवरील अक्षरे सुलटी आहेत ना, हे आधी पाहावे.

माझ्या मते याहून मोठा साठा घरोघरच्या अल्बमांत असतो, पण तो मागण्याचीही एक रीत आहे. गावाचे जुने फोटो आहेत का, असे विचारले की उत्तर हमखास नकारार्थी येते. लग्नाचे, शाळेचे, नव्या सायकलीबरोबर काढलेले फोटो पाहायला मागितले, की माणसांच्या पाठीमागे अख्खा रस्ता उभा असलेला दिसतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो मात्र ओढून काढू नयेत, कारण त्यांचा थर निघून येतो. पानासकट स्कॅन करावे.

भिंग

जुने पोस्टकार्ड मिळाले, तर आधी ते भिंगाखाली धरा. ओळीने ठिपके दिसले तर ते छापखान्यातील चित्र आहे, आणि मोठे केल्यावर ते ठिपकेच मोठे होतील. ठिपके नसून छटा सलग असतील, तर साडेपाच इंच रुंदीच्या कार्डाचा इंचाला १२०० ने केलेला स्कॅन ६६०० पिक्सेल भरतो आणि कार्ड रेखीव असेल तर तुमचे काम होते. चित्र आपोआप सुस्पष्ट करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांपासून मात्र दूर राहा. ती नसलेला तपशील स्वतः रचतात, आणि आपल्या गावात कधीच नसलेल्या चेहऱ्यांकडे रोज पाहण्यात काय अर्थ आहे?

चौकट

दोन गोष्टी जोडतो. प्रत आपल्याकडे आहे म्हणून हक्कही आपला, असे होत नाही. स्वामित्वहक्काची मुदत देशोदेशी वेगळी असल्याने संग्रहाच्या नोंदीतील वापराच्या अटी वाचूनच छापावे. दुसरे म्हणजे, भिंतीवर नेहमी नक्कल लावावी आणि मूळ छायाचित्र अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे, कारण प्रकाशाने उडालेल्या छटा परत येत नाहीत. नक्कल पिगमेंट (रंगकणांच्या, लवकर न उडणाऱ्या) शाईने, आम्लरहित कागदावर काढून घ्या, आणि काच व कागद यांच्यामध्ये माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. काच थेट टेकली, की दमटपणाने कागद तिला चिकटतो.

उंबरठा

सर्वांचा आभारी आहे. चित्रावरून शोध घेतल्यावर मूळ नोंद सापडली. मथळ्यात गावाचे नाव कोठेही नाही, फक्त नदीचे नाव आणि तेही जुन्या स्पेलिंगने आहे. तेथील फाइल ७००० पिक्सेलांहून रुंद निघाली आणि वापरावर निर्बंध नसल्याचे नोंदीतच लिहिले आहे. कठड्याजवळचे तीन खांब हे खांबच आहेत; चौथा मात्र छत्री मिटून उभा असलेला माणूस आहे.