मदत हवी आहे: 'ॲट माय विट्स एंड' म्हणजे नक्की काय?

मोरपीस:
'आय ॲम ॲट माय विट्स एंड' याचा नेमका अर्थ सांगा. शब्दकोश पाहिला, समाधान झालं नाही. माणूस चिडलाय की काम काढून घेतोय? संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंय.

शब्दवेडा:
'विट' म्हणजे बुद्धी. सगळे उपाय करून झाले, पुढचं काही सुचत नाही, अशी अवस्था. राग असतो, पण हतबलता जास्त. प्रयोग जुना आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेले खलाशी झोकांड्या खातात आणि त्यांची मती खुंटते, तिथे हेच शब्द आहेत.

सई_क:
माणूस कोण? साहेब, ग्राहक, नातेवाईक? पूर्ण वाक्य द्या.

मोरपीस:
ग्राहक. 'ॲट माय विट्स एंड विथ धिस रिपोर्ट.' बायबल नकोय, अर्थ हवाय.

निळू:
सोपं आहे, 'हात टेकले'. काम गेलं समजा.

सई_क:
नाही हो निळू. हात टेकले म्हणजे नाद सोडला. इथे माणूस अजून धडपडतोय, फक्त डोकं चालेनासं झालंय. आणि 'विथ'च्या पुढे काय आहे ते बघा. 'विथ यू' असतं तर रोख तुमच्यावर होता, इथे तो रिपोर्टवर आहे.

निळू:
वैतागलेला माणूस इतका विचार करून लिहीत नाही. मी तरी आधी माफी मागेन.

व्याकरणप्रेमी:
'फेड अप विथ' लिहावं. 'फेड अप ऑफ' बोलण्यात चालतं, औपचारिक पत्रात नको.

शब्दवेडा:
ते कोणी विचारलं नाहीये, पण फरक कामाचा आहे. 'फेड अप' म्हणजे विटलो, पुरे झालं. तिथे मदतीची अपेक्षा असेलच असं नाही.

रानवाटा:
ब्रिटनमध्ये 'एंड ऑफ माय टेदर'ही म्हणतात. टेदर म्हणजे चरणाऱ्या जनावराचं दावं. दावं ताणलं गेलं की चारा समोर दिसतो, पण तोंड पोचत नाही. अमेरिकेत टेदरच्या जागी 'रोप' येतो. मात्र त्यात सहनशक्तीही संपलेली असते, म्हणून तो मला जास्त टोकाचा वाटतो.

सई_क:
मोरपीस, त्या वाक्यानंतर काय लिहिलंय?

मोरपीस:
'द टोटल्स चेंज एव्हरी टाइम आय ओपन इट. कॅन समवन वॉक मी थ्रू इट?'

सई_क:
अहो, हे आधी द्यायचं ना! तो मदत मागतोय. त्याच्या वैतागावर परिच्छेद लिहू नका. बेरजा का बदलतात ते दोन ओळींत सांगा आणि फोनची वेळ द्या.

निळू:
तरी एक 'सॉरी' टाकाच.

मोरपीस:
टाकते, पण एकदाच. फाइल उघडली की आकडे ताजे होतात, म्हणून बेरजा बदलतात. तेच लिहून उद्या अकराची वेळ देते. आभार सई, शब्दवेडा.

व्याकरणप्रेमी:
'विट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, तेही बघा. दोन्ही रूपं छापलेली आढळतात.