डिस्क रिकामी, तरी कंटेनर सुरू करताना ‘नो स्पेस लेफ्ट’. कर्नल अपडेटने सुटेल का?

चांदिवली_नोड
ओपनव्हीझेड 7 (एकाच मशीनवर अनेक लिनक्स कंटेनर चालवणारी प्रणाली) चा नोड, म्हणजे होस्ट मशीन, कर्नल (लिनक्सचा गाभा) 3.10 चा, बरेच महिने रीबूट नाही. नवा कंटेनर सुरू करताना मेमरी सीग्रुपची (कंटेनरच्या मेमरीचा हिशोब ठेवणाऱ्या कर्नल-गटाची) डिरेक्टरी बनत नाही, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. ‘डीएफ’ (डिस्कची जागा) आणि ‘डीएफ -आय’ (आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी) दोन्हीत भरपूर जागा दिसते. नव्या व्हीझेडकर्नलच्या (ओपनव्हीझेडच्या कर्नलच्या) चेंजलॉगमध्ये सीग्रुप गळतीची दुरुस्ती आहे. ‘यम अपडेट’ केलं, एरर तसाच. एका ब्रोकरचं बॅक ऑफिस याच नोडवर आहे, त्यामुळे शनिवारआधी रीबूट शक्य नाही. तोवर काय करू?

कर्नलकट्टा
डिस्कचा काही संबंध नाही. 3.10 मध्ये मेमरी सीग्रुपला मिळणारा क्रमांक 16 बिटांचा असतो, म्हणजे 65,535 च्या पुढे जागाच नाही. कंटेनर बंद केला की डिरेक्टरी जाते, पण त्याच्या खात्यावरची कर्नल मेमरी (बहुतेक डेंट्री आणि आयनोड, म्हणजे फाइलींची नावं आणि माहिती यांची कॅश) मोकळी झाली नसेल तर क्रमांक अडकून राहतो. कंटेनरच्या आत डॉकर चालत असेल तर हे फारच लवकर भरतं.

होस्टवर ‘/प्रॉक/सीग्रुप्स’ उघडा, ‘मेमरी’च्या ओळीतला तिसरा रकाना (सीग्रुपची संख्या) बघा. मग ‘/सिस/एफएस/सीग्रुप/मेमरी’खालच्या डिरेक्टऱ्या ‘फाइंड’ने मोजा. रकान्यात साठ हजार आणि डिरेक्टऱ्या काहीशे, असं निघालं तर दुखणं हेच.

तात्पुरता उपाय: रात्री, गर्दी नसताना, आधी ‘सिंक’, मग ‘/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस’मध्ये 2 लिहा. नंतर थोडा वेळ डिस्कवर वाचनाचा भार वाढेल. तिसरा रकाना खाली आला तर शनिवारपर्यंत निभेल. ढिम्म हलला नाही तर मेमरी खरोखर गळली आहे, रीबूटशिवाय गत्यंतर नाही.

चांदिवली_नोड
58 हजारांवर आला, कंटेनर सुरू झाला. रेडीकर्नलचा लाइव्ह पॅच (चालू कर्नललाच लागणारी दुरुस्ती) लावून रीबूट टाळता येईल?

कर्नलकट्टा
त्या भरवशावर राहू नका. ते पॅच मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी असतात. शिवाय पॅचने पुढची गळती थांबली तरी आधीच अडकलेले क्रमांक तसेच राहतील.

रूट_डोंबिवली
‘यम’ने नवा कर्नल फक्त डिस्कवर ठेवला. चालू कर्नल सांगणारी ‘यूनेम -आर’ अजून जुनाच दाखवेल. कंटेनरांना वेगळा कर्नल नसतो, त्यामुळे त्यांच्यातही तोच.

रीबूटआधी ‘/बूट’मधली जागा नक्की बघा. तिथे जुने कर्नल साचलेले असले की नवी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट लिहिली जाते आणि नोड रूट माउंट न होता पॅनिक होतो, म्हणजे बूट होतानाच ठप्प होतो. ‘एलएसइनिटआरडी’ने ती फाइल शेवटपर्यंत वाचली जाते का, तपासा.

‘ग्रबी’ने (ग्रब या बूटलोडरची सेटिंग बदलणारी कमांड) डीफॉल्ट पुन्हा जुन्या कर्नलवर आणा आणि ‘ग्रब2-रीबूट’ने नवा फक्त एकदाच बूट करा. मग पॅनिक झालाच तर पॉवर सायकल केल्यावर जुना कर्नल वर येतो. ‘ग्रब_डीफॉल्ट’ला ‘सेव्हड’ असेल तरच हे चालतं.

आणखी एक, ओपनव्हीझेडच्या ‘व्हीझेड.कॉन्फ’मध्ये ‘व्हीई_स्टॉप_मोड’ (नोड बंद होताना कंटेनरांचं काय करायचं ते) ‘सस्पेंड’ असेल तर या वेळेपुरता ‘स्टॉप’ करा. जुन्या कर्नलवर गोठवलेला कंटेनर नव्यावर रिस्टोअर होताना अडकू शकतो, आणि डेटाबेस मध्येच अडकण्यापेक्षा नीट बंद झालेला कधीही बरा.

आयपीएमआय कन्सोल (मशीन ठप्प असली तरी लांबून हाताळायची सोय) शुक्रवारीच उघडून बघा. रविवारी मेगाब्लॉक असला तर कोणाला चांदिवलीला धाडायचं म्हणजे दोन तास गेलेच.

कर्नलकट्टा
‘यूझर_बीनकाउंटर्स’ची (कंटेनरांच्या वापराचा आणि मर्यादांचा तक्ता) प्रतही आधी काढून ठेवा, रीबूटनंतर त्यातला ‘फेलकाउंट’ (मर्यादेमुळे किती वेळा नकार मिळाला तो आकडा) शून्यावर जातो. नव्या कर्नलवर ‘/प्रॉक/सीग्रुप्स’चा तिसरा रकाना क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रोज लॉगमध्ये टाका. कंटेनर तेवढेच असून आकडा चढतच राहिला, तर तुमची गळती चेंजलॉगमधल्या त्या दुरुस्तीत आलेली नाही.